अभिमनच्या नावाची सव्वा मूठ

झुंबरबाईच्या घरात निजलेल्या माणसाविषयी वाईटसाईट बोलायची सोय नव्हती. म्हातारपणी तर तिनं याचा अगदी कहर केला. पुतणसून पाळण्यातल्या तान्ह्याकडं बघून 'नाक बापावर गेलं, बसकं' एवढंच म्हणाली, तरी ही तिला दंडाला धरून ओसरीवर आणायची आणि मग म्हणायची, "आते बोल," म्हणजे आता बोल. गावात कुणी वारलं, तिरडीचे बांबू दारात येऊन पडले आणि चार बायका मयताच्या उशाशी बसून त्याच्या चिक्कूपणाच्या गोष्टी काढायला लागल्या, की झुंबरबाई तोंडावर पदर धरून उठायची आणि सगळ्यांना दटावून अंगणात काढायची. मेलेल्या माणसाला कसली आलीय लाज, असं एकीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुले काय माहीत?" गावानं तिला वेडी ठरवलं नाही. तिचं आपलं तसंच आहे म्हणून सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर दुखणेकऱ्यांच्या घरी तिच्याइतकी हवीशी बाई दुसरी नव्हती.

पहिल्यापासून ती अशी मुळीच नव्हती. पाचोऱ्याकडून लग्न होऊन या बोरीकाठच्या गावी आली, तेव्हा तिच्या जिभेला हाड नाही असं सासूच सगळ्यांना सांगायची. नवरा मिळाला तो तिच्यावर ताण. अभिमन पाटील म्हणजे गावातलं बोलकं यंत्रच. बैलांशी बोलायचा, विहिरीतल्या मोटेशी बोलायचा, भाकरी कडक निघाली तर भाकरीशीही हुज्जत घालायचा. नवराबायको दोघं एकाच वेळी बोलत आणि तरी एकमेकांचं ऐकू जात असे. थोरला भाऊ सुकदेव, ज्याला सगळे नाना म्हणत, तो कमी बोलायचा. तो म्हणायचा की या घरात माझ्या वाटणीचं बोलणं धाकट्यानं आधीच उचललं आहे.

सन अठ्ठावीसच्या थंडीत अभिमन कापसाची गाडी घेऊन जळगावच्या जिनात सरकी काढायला निघाला. गाडी उंच भरलेली, हा वर बसलेला. एरंडोल सोडल्यावर चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली आणि हा डोक्यावर खाली आला. गाडीभर मऊ कापूस होता, पण रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता आणि नशिबानं त्याच्या वाट्याला दगड दिला.

काही दिवस तो मेल्यासारखाच पडून होता. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले. नानानं गावात साखर वाटली. साखर वाटून झाली आणि हळूहळू लक्षात आलं, की फक्त डोळेच उघडले आहेत. उजाडलं की ते उघडत, अंधारलं की मिटत. मधल्या वेळात ते आढ्याकडं असत, पण आढं बघत असत असं काही म्हणता येत नव्हतं. तोंडात पेज घातली तर गिळायचा. पापणीवर माशी बसली तर पापणी हलायची, हात हलायचा नाही. बोट तळहातावर ठेवलं तर मूठ मिटायची, पण ती काठी ठेवली तरी मिटायची.

झुंबरबाई त्याच्याशी बोलत राहिली. दोघांनी बोलायची सवय असलेल्या घरात एकटीनं बोलणं किती जड जातं, हे तिलाच ठाऊक. नांगरट कुठवर आली, पाखऱ्या बैलानं कुणाला ढुशी दिली, सगळं सांगायची आणि शेवटी विचारायची, "आयकतस ना?" मग थोडा वेळ थांबायची. थांबून पुन्हा कामाला लागायची.

गावात त्याच्यावरून दोन तट पडले. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, तर अभिमन ठसकला. अर्ध्या गावानं मान हलवली, की बघा, आत आहे. उरलेल्या अर्ध्या गावानं विचारलं, लोहाराचा भाता दाबला तर तोही फुसफुसतो, मग भात्यात कोण आहे? नाना कुठल्याच तटात नव्हता. तो रोज सकाळी येऊन भावाला कुशीवर वळवायचा, पाठ पुसायचा, दाढी करायचा. धाकट्याची दाढी करताना त्याचा हात जपून चालायचा, दुखणाऱ्याला जपावं तसा. यावरून काय ते समजा.

पहिल्या श्रावणात कुणी प्रश्नच काढला नाही. खानदेशात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे काढायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची. पण त्याआधी रोटांचं धान्य काढायचं असतं. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे, तेच दळायचे, त्याचेच रोट करायचे आणि घरच्यांनीच खायचे. ज्याच्या नावाची मूठ, त्यानं त्यातला घास खाल्लाच पाहिजे, आणि भुईवर काही सांडू द्यायचं नाही, अशी या घराची रीत होती. नानानं त्या वर्षी अभिमनचं नाव नेहमीसारखं घेतलं. झुंबरबाईनं रोटाचा तुकडा दुधात भिजवून त्याच्या तोंडात घातला. थोडा आत गेला. थोडा ओठावरून ओघळून गोधडीवर आणि तिथून भुईवर पडला.

भाद्रपदात नानाचा धाकटा मुलगा तापानं गेला.

कुणी अभिमनकडं बोट दाखवलं नाही. नानाची बायको भिकुबाई, जिला झुंबरबाई अक्का म्हणायची, तिनं मूल गेल्यावरही दिराच्या पेजेत तूप घालणं बंद केलं नाही. पण नाना मनातून खचला. शेजारच्या गावात कानबाईची रीत जाणणारी एक म्हातारी होती, तिला तो गुपचूप विचारून आला. ती म्हणाली, मूठ जित्या माणसाची असते. जो गेला त्याच्या नावानं घेतली तर ती मागं फिरते. नानाला आता एकच मुलगा उरला होता, हिलाल.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले गेले, त्या दिवशी नानानं झुंबरबाईला बोलावलं. मान खाली घालून तो म्हणाला, "मी त्याना वैरी नही. मले एक खूण दाखाड. एकच. मंग मी मूठ लिसू, काहीबी होऊ दे."

मूठ घेतली नाही तर काय होतं? जमीन जात नाही, पेज बंद होत नाही. पण देवीसमोर घरातले पुरुष एकेक करून नावानं उभे केले आणि एकाचं नाव गाळलं, म्हणजे तो गेला. मग जी मागं राहते तिचं कुंकू कशाचं? झुंबरबाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. श्रावणापर्यंत खूण दाखवायची होती.

आणि खूण होती. तिनं ती हिवाळ्यातच पाहिली होती, पण दृष्ट लागेल म्हणून बोलली नव्हती. पाखऱ्या म्हणजे अभिमनचा लाडका बैल. संध्याकाळी तो रानातून परतला, त्याच्या गळ्यातली घंटा बोळात वाजली, की अभिमनच्या उजव्या हाताचा अंगठा हलायचा. कासरा ढिला सोडताना हलावा तसा.

तिनं बोलावलं तसा नाना येऊन खाटेजवळ उकिडवा बसला. बोळात घंटा वाजली. अंगठा हलला. नानानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी लवकर. त्याला भावाजवळ नुसतं बसायचं होतं, तपासायचं नव्हतं. गुरं अजून रानात होती. घर शांत होतं. अंगठा हलला.

नानानं झुंबरबाईकडं पाहिलं. झुंबरबाईनं अंगठ्याकडं पाहिलं.

त्यानंतर तिनं नीट बघायला सुरुवात केली आणि तिचं सुख तिथंच संपलं. कोंबडी ओरडली तर अंगठा हलायचा. कुणीच ओरडलं नाही तरी हलायचा. कधी पाखऱ्या दारात उभा राहून मान झटकायचा, घंटा खणखणायची आणि अंगठा लाकडासारखा पडून असायचा. तिला कधी वाटे, त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येत असेल, लांबच्या रस्त्यावरची गाडी ऐकू येत असेल. कधी वाटे, झाडाचं पान हलतं तसंच हे. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटत आणि हेच सगळ्यात वाईट होतं. नुसतं नाही म्हणता आलं असतं तर रडून मोकळी झाली असती.

त्याच दिवसांत एकदा, उकाड्यात, त्याचं ओलं धोतर बदलता बदलता तिची कंबर धरली. दमून ती खाटेच्या माच्यावर टेकली आणि दारात उभ्या असलेल्या भिकुबाईला म्हणाली, "अक्का, आते देवनी याले सोडी देवाले पाह्यजे. याले बी आनि मले बी." भिकुबाई धोतराचं दुसरं टोक धरायला आली. बोलणं तिथंच राहिलं.

आषाढात नानानं गाडीत कडब्याची गादी केली आणि अभिमनला धुळ्याला नेलं. तिथं एक शिकलेला डॉक्टर होता. माणूस भला. त्यानं घाई केली नाही. डोळ्यापुढं दिवा धरला, पायाला सुई टोचली, कानाशी टाळी वाजवली. सुई टोचल्यावर पाय मागं आला. झुंबरबाईच्या जिवात जीव आला.

डॉक्टर म्हणाला, "पाय मागं घेतला, त्याचा अर्थ एवढाच की पायाला कळलं. लाजाळूला बोट लावलं तर तीही पानं मिटते."

"म्हंजे आत कोनी नही?" नानानं विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही, भाऊ." डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिला. "शरीर चालू आहे हे मला दिसतं. आत कुणी आहे का, हे बाहेरून बघायला माझ्याकडं काही नाही. विलायतेतल्या डॉक्टरकडंही नसेल. तुम्ही बोलता, रागावता, म्हणून तुम्ही आत आहात असं मी धरून चालतो. यांनी बोलायचं सोडलंय, तर मी काय धरू?"

परतताना पारोळ्याचा किल्ला दिसला. मग नाना बैलांकडं बघत म्हणाला, "डॉक्टर नही म्हनता तरी चाली जातं." त्याचं खोटं नव्हतं. एवढ्या मोठ्या गावाहून माणूस निदान एक उत्तर घेऊन येतो.

श्रावण आला. कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी नाना आंघोळ करून ओसरीच्या आतल्या खोलीत बसला. पुढ्यात सूप, शेजारी गव्हाची टोपली. लाल कापडातून घरचा जुना नारळ काढून पाटावर ठेवलेला. भिकुबाई, चुलतभाऊ वना आणि हिलाल भोवती बसले. भिंतीपलीकडं अभिमनची खाट होती आणि मधलं दार उघडं होतं, कारण ते दार कधी लावतच नसत.

"सुकदेव," नाना म्हणाला आणि स्वतःच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली. "वना." टाकली. "हिलाल." ही मूठ त्यानं जरा जास्तच गच्च भरली.

मग त्याचा हात टोपलीत गेला आणि तिथंच राहिला.

"झुंबर," तो म्हणाला, "तू रोज त्यानाजोडे ऱ्हास. मी कानबाईसमोर इचारस. तो शे का?"

शे, म्हणजे आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तिच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर हिलाल बसला होता, मांडीवर हात ठेवून, शहाण्यासारखा. त्याच्या धाकट्या भावाला झुंबरबाईनं आपल्या कडेवर वाढवलं होतं. तिला स्वतःला मूल नव्हतं. न कळलेली गोष्ट कळली म्हणून देवीसमोर सांगायची आणि मग भाद्रपदभर या पोराच्या कपाळाला हात लावून बघत बसायचं, एवढं धाडस तिच्यात नव्हतं. आणि नाही म्हणायचं, तर तेही तिला ठाऊक नव्हतं.

"मले समजत नही, नाना," ती म्हणाली.

नानाची मूठ टोपलीतल्या गव्हात गच्च धरलेली होती. मग ती उघडली, गहू टोपलीतच पडले आणि हात रिकामा वर आला.

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "अभिमनना नावनी मूठ ऱ्हाऊ दे."

तो हळू बोलला नाही. देवीसमोर बोलायचं ते स्पष्ट बोलायचं असतं. थोड्या वेळानं जातं सुरू झालं.

रविवारी भिकुबाईनं नारळाला सजवलं. नथ घातली, कुंकू लावलं आणि करंगळीवर काजळ घेऊन डोळे रेखायला बसली. शेजारच्या बायकांची गाणी चालू होती. एकीचा धक्का लागला तशी भिकुबाई म्हणाली, "हळू, माय. काजय डोयामा जाई तिना."

झुंबरबाई पुरणाचे दिवे लावत होती. तिचा हात थांबला. "अक्का," ती म्हणाली, "ती डोया उघडा करीसन बससं. तिले कोनी सुई टोची देखी का?"

"ती देवी शे," भिकुबाई दचकून म्हणाली.

"आनि तो मानूस शे."

भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नारळाच्या पापणीला पसरलेलं काजळ पदराच्या टोकानं पुसलं. तिचंही एक मूल गेलं होतं. या घरात कुणाचं काय चुकलं हे सांगायला बसलं तर कुणाच्याच माथी दोष मारता येत नाही.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर विसर्जनाला निघाली. गेल्या वर्षीसारखीच वना आणि हिलालनं अभिमनची खाट ओसरीवर आणली, म्हणजे जाताना देवीची नजर पडेल. डोक्यावर चौरंग घेतलेली भिकुबाई उंबऱ्यात थांबली. डफ वाजत होता. नाना धुपाटणं घेऊन पुढं झाला, देवीला ओवाळलं आणि मग कुणी न सांगता ते भावाच्या खाटेवरूनही फिरवलं.

अभिमनच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळ्यांतून. कानशिलावरून ओघळून ते कानांत गेलं.

डफ थांबला. नानानं धुपाटणं खाली ठेवलं आणि तो खाटेशी गुडघ्यांवर बसला. "अभिमन," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्या दिन मी जे बोलनू, ते तुनी आयकं का?"

दीड वर्ष झुंबरबाईनं हेच मागितलं होतं. हेच, एवढंच पाणी. आणि ते समोर दिसत होतं. पण मग नानाचा प्रश्न तिच्या कानावर पडला. अभिमननं ऐकलं असेल, तर? मधलं दार उघडंच होतं. तो तिथं पडून होता आणि आपल्या भावानं आपलं नाव टाकलेलं त्यानं ऐकलं. बायकोला विचारलेलं ऐकलं आणि बायको काय म्हणाली तेही ऐकलं. भगताची धुरी, गावाचे विनोद, डॉक्टरची लाजाळू, सगळं ऐकलं आणि त्याला कूसही बदलता आली नाही. आणि उकाड्यातली ती दुपार. देवानं याला सोडावं, असं कुणी त्याच्याच खाटेवर टेकून म्हटलं होतं?

जन्मात पहिल्यांदाच तिला वाटलं, की तो आत नसावा. कुणीच नसावं. रिकामं घर असावं.

धूर वाऱ्यानं कुठं चालला होता, खाटेकडं की रस्त्याकडं, ते तिनं पाहिलं नाही. नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं.

"धूप शे, नाना," ती म्हणाली. "डोयामा धूर गया त्याना."

नाना तिच्याकडं बघत राहिला. त्याला ते पटलं का, कोण जाणे. पण त्यानं ते घेतलं. उठला, धुपाटणं उचललं, डफवाल्याला खूण केली. मिरवणूक बोळातून नदीकडं वळली आणि गाण्यांचा आवाज दूर गेला.

ओसरीवर दोघंच उरली. झुंबरबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले, आणि पुसताना तोंड दुसरीकडं केलं. मग उशाशी असलेली आपली नेहमीची जागा सोडून ती खाटेच्या पायथ्याशी बसली, जिथून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

अभिमन होळीपर्यंत होता. पुढच्या श्रावणात त्याच्या मुठीचा प्रश्न आला नाही. तो होता तोवर ती त्याला रोज पेज भरवत होती, रोज सगळं सांगत होती, पाखऱ्याचं, नदीच्या पुराचं, कापसाला आलेल्या बोंडांचं. त्याच्यापाशी कुणी वेडंवाकडं बोललं तर हाताला धरून बाहेर काढत होती. फक्त 'आयकतस ना?' हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.